"फोर बाय फोर नाही ती थार नाही" म्हणणाऱ्यांनो, आधी आईला मागच्या सीटवर बसवा

घाटवळण (पिंपरी): काल एकानं लिहिलं, "रॉक्स घ्यायची तर फोर बाय फोरच, टू व्हील ड्राइव्हवाला नुसतं नाव विकत घेतो. जिमनी खेळणं, गुरखा म्हातारी." वाचून रात्री झोप लागली नाही. (नवख्यांसाठी: रॉक्स म्हणजे महिंद्राची पाच दारांची थार, जिमनी मारुतीची, गुरखा फोर्सची. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना, टू व्हील ड्राइव्ह म्हणजे दोनच चाकांना.)

मी रॉक्स डिझेल मॅन्युअल, मागच्या चाकांवर चालणारी घेतली. हिशोब ऐका. गाडी २०२४ ला आली तेव्हा सगळ्यात वरचं मॉडेल एएक्स७एल, मॅन्युअल, १८.९९ लाख, तीच फोर बाय फोर २०.९९. झाले दोन लाख. वर आपल्याकडे डिझेलला दहा ते वीस लाखांपर्यंत १४ टक्के रोड टॅक्स, त्यापुढे १५. म्हणजे टॅक्सचेच आणखी ४९ हजार. वर्षातून दोन दिवस रानात जाणाऱ्यानं अडीच लाख का घालायचे?

जागा भरपूर, यात वाद नाही. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिमी, हिचा २८५०. मागे तिघं ऐसपैस बसतात. पण चढायचं कसं? आई ६८ वर्षांची. एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातानं दाराजवळची मूठ धरते, तरी पाय पोचत नाही. शेवटी देवघरातला जुना पाट डिकीत टाकला. मी मांडतो, ती चढते, मी उचलतो. एकाही रिव्ह्यूत ही गोष्ट दाखवत नाहीत, याचा राग येतो.

काळीमाती (परभणी): का घालायचे ते सांगतो. आमची वस्ती डांबरीपासून दोन किलोमीटर आत, पाणंदीनं. मृग बरसला की काळ्या मातीनं टायरच्या खाचा बुजतात, चाक नुसतं गरगरतं. मागच्या पावसाळ्यात रात्री अकराला वडिलांच्या छातीत कळ आली. टू व्हील ड्राइव्ह गाडी वस्तीपासून तीनशे पावलांवर रुतली. शेजारचा ट्रॅक्टर येईपर्यंत पाऊण तास गेला. वडील वाचले. दिवाळीच्या आत मी फोर बाय फोर बुक केली. तुमचं पिंपरीत भागतं म्हणून सगळ्यांचं भागत नाही.

घाटवळण: वडील सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. तुमच्यासाठी पैसे सार्थकी लागले, मान्य. मी शहरातल्यांबद्दल लिहिलं होतं.

काळीमाती: तसं लिहिलेलं नाही. वर जाऊन वाचा.

जिमनीवाली (कोल्हापूर): खेळणं म्हणणाऱ्यानं कधी चालवलीय का? वजन जेमतेम १२०० किलो, लांबी चार मीटरच्या आत, फोर बाय फोर आणि लो रेंज (अवघड जागी हळू पण जोरात ओढणारा गिअर) प्रत्येक मॉडेलला, त्याचे वेगळे पैसे नाहीत. २०२३ ला १२.७४ लाखांपासून होती. मऊ जमिनीत हलकी गाडी तरते. हां, इंजिनाची ताकद १०५ पीएस आहे, आंबोली घाटात चौघं बसले की दम लागतो. चारही सीटवर माणसं असली की डिकी २०८ लिटर, दोन बॅगांत भरते. चौघांना कायम फिरायचं असेल तर घेऊ नका, मीच सांगते.

सातसीट (नगर): मी गुरखावाला. दोन्ही डिफ लॉक, पुढचा आणि मागचा, हातानं ओढायचे; लॉक लावला की एक चाक गरगरलं तरी त्याच्या जोडीचं चाक ओढतं. रॉक्स फोर बाय फोरला फक्त मागचा. पाच दारांच्या गुरखात सात माणसं, कंपनीचाच स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी), ७०० मिमी खोल पाण्यातून जाते, रॉक्स ६५०. हायवेला रॉक्स ऑटोमॅटिकच्या १७५ पीएसपुढे माझे १४० कमी पडतात आणि गुरखात ऑटोमॅटिक नाही, तेवढं खरं. पण फेब्रुवारीत टायरची हवा कमी करून १६ पीएसआयवर आणली आणि दापोलीजवळच्या आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर वाळूत घातली. लोण्यासारखी गेली!

किनारकर (दापोली): वाळूत कशाला घातलीत? नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालायला रात्री तिथंच वर येतात. एकेका घरट्यात शंभरेक अंडी असतात. पोरं पहाटे उठून घरटी शोधतात, अंडी जपून उबवायला हॅचरीत हलवतात. तुमचं चाक आधी गेलं तर काय हलवणार?

सातसीट: ओल्या वाळूवर होतो, भरतीच्या रेषेखाली. घरटी वर असतात.

किनारकर: आणि पिल्लं समुद्रात कुठून जातात? मी टायरच्या चरात उताणं पडलेलं पिल्लू बघितलंय. दोन बोटांएवढं. वल्ह्यासारखे पाय हलत होते, चराची भिंत त्याला चढवत नव्हती.

सातसीट: रात्री खाडीतून वाळू उपसणारे डंपर दिसत नाहीत तुम्हाला? बाहेरची नंबरप्लेट दिसली की कंठ फुटतो.

किनारकर: त्यांच्याशीही भांडतो. तक्रार केली तेव्हा माझ्या मोटरसायकलचे दोन्ही टायर कापले होते. मला नंबरप्लेट शिकवू नका.

जिमनीवाली: सातसीट, हे चुकलंच तुमचं. हलकी असली तरी मीसुद्धा वाळूत नेत नाही.

सातसीट: फेब्रुवारीत जायला नको होतं. एवढंच मान्य करतो. गुरखा म्हातारी नाही, हे मात्र कायम.

किनारकर: फेब्रुवारीतच नाही, कधीच नाही.

काळीमाती: घाटवळण, पाटाच्या खाली रबर लावा, ओल्या फरशीवर सरकतो. मी वडिलांसाठी वेल्डरकडून दोन पायऱ्यांची घडीची शिडी करून घेतली, मागच्या सीटखाली बसते. उद्या माप टाकतो.

घाटवळण: टाका. वरच्या पायरीची उंची नक्की लिहा, आईचा उजवा गुडघा जास्त वाकत नाही.