ट्रेमध्ये शीट फिल्म धुताना येणारे ओरखडे

प्रश्न (पुणे)
मी 4 बाय 5 इंची एफपी4 प्लस ही इलफर्डची कृष्णधवल शीट फिल्म (सुट्या पानांची फिल्म) घरच्या न्हाणीघरात, खिडकी काळ्या कापडाने बंद करून, ट्रेमध्ये धुतो. डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) आयडी-11 असून त्यात समभाग पाणी घालतो. एका वेळी सहा शीट घेऊन तळची शीट काढून वर ठेवत जातो. दोन-तीन निगेटिव्हवर बारीक ओरखडे येतात, ते आकाशाच्या भागात विशेष दिसतात, आणि कडाही अधिक दाट (गडद) येतात. सध्या नळाचे पाणी 30 अंशांवर आहे. दोष हाताळणीचा की तापमानाचा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1
ओरखड्यांना दोन्ही कारणीभूत आहेत. कोमट पाण्यात इमल्शनमधील (फिल्मवरील प्रकाशसंवेदी थरातील) जिलेटिन फुगून मऊ पडते आणि मग शेजारच्या शीटचा कोपरा नुसता टेकला तरी चरा उमटतो. ट्रे बर्फाच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या परातीत ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात 20 अंशांचा हट्ट धरण्यापेक्षा 24 अंश टिकवणे सोपे जाते; तेव्हा 20 अंशांवरच्या 11 मिनिटांऐवजी सुमारे साडेसात मिनिटे पुरतात. 30 अंशांवर मात्र वेळ 5 मिनिटांच्या खाली जातो आणि डेव्हलपिंग एकसारखे होत नाही. स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारे द्रावण), फिक्सर (चित्र पक्के करणारे द्रावण) आणि शेवटचे धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या आसपास हवे.

डेव्हलपरआधी प्रत्येक शीट साध्या पाण्यात एकेक करून भिजवा, कारण अर्धवट ओल्या दोन शीट एकमेकींना चिकटल्या की इमल्शन खरवडल्याशिवाय सुटत नाहीत. शीट उभी धरल्यावर तिच्या काठावर कापलेली खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात लागली, तर इमल्शन तुमच्याकडे असते. ती बाजू वर ठेवा. तळची शीट लांब बाजूने पूर्ण बाहेर ओढून घ्या, मगच ती वर आडवी सोडा आणि बोटांच्या पेरांनी हलकेच दाबा. कोपरा आधी टेकवू नका. दर 5 सेकंदांना एक शीट हलवली की सहांची फेरी अर्ध्या मिनिटात पूर्ण होते. पहिली शीट उलट्या दिशेने फिरवून ठेवलीत, तर खाच विरुद्ध टोकाला लागते आणि फेरी संपल्याचे अंधारातही बोटांना कळते.

उत्तर 2
वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु सहा शीटचा आग्रह मला पटत नाही. हात बसेपर्यंत तीनच घ्याव्यात. दाट कडांचे कारण बहुधा वेगळे आहे. शीट जोराने खाली दाबली की डेव्हलपर कडांवरून वेगाने वाहतो आणि तिथे अधिक काम करतो. 8 बाय 10 इंची ट्रेमध्ये लिटरभर द्रावण घेऊन सावकाश दाबून पाहा.

उत्तर 3
आयडी-11 मध्ये मेटॉल हे डेव्हलपिंग करणारे रसायन असते आणि त्याने अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठते, म्हणून नायट्राइलचे घट्ट बसणारे हातमोजे वापरावेत. सैल मोज्याची चुणीही इमल्शनला लागते. बाद झालेल्या शीट पाण्यात घेऊन उजेडात, डोळे मिटून सराव करावा. एफपी4 पॅनक्रोमॅटिक (सर्व रंगांच्या प्रकाशाला संवेदनशील) असल्याने तिला तांबडा दिवाही चालत नाही. डोळ्यांदेखत काम करायचे असेल, तर इलफर्डची ऑर्थो प्लस ही तांबड्या प्रकाशाला असंवेदनशील फिल्म गडद तांबड्या सेफलाइटमध्ये (फिल्मवर परिणाम न करणाऱ्या दिव्यात) हाताळता येते.