मुंबई ते न्यूयॉर्क : सत्तरीच्या आईसाठी थेट विमान की एक थांबा?

माझी आई (वय 70, गुडघेदुखी, इंग्रजी बोलण्याची सवय नाही) मे महिन्यात न्यू जर्सीला माझ्या बहिणीकडे प्रथमच आणि एकटीच जाणार आहे. तिकिटे पाहताना कुठे 16 तास, तर कुठे 28 तास दिसतात. प्रत्यक्ष अंतर किती आहे, आणि थेट विमान घ्यावे की थांब्याचे, याविषयी जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद 1
मुंबई ते न्यूयॉर्क हे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे; न्यू जर्सीतला न्यूअर्क विमानतळही जवळजवळ तितकाच दूर आहे. जवळची वाट सरळ पश्चिमेकडे न जाता वायव्येकडे चढत सुमारे 65 अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचते आणि मग खाली उतरते. ताशी 900 किलोमीटर वेग धरल्यास 14 तासांचे गणित येते, परंतु उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्यामुळे जाताना ते समोरून येतात, आणि एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली (पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांसाठी केली तशी) तर वळसाही पडतो. म्हणून जाताना 16 तास किंवा थोडे अधिकच धरावेत. परतीचा प्रवास त्याच वाऱ्यांमुळे लवकर होतो.

प्रतिसाद 2
थांब्यामुळे अंतर फारसे वाढत नाही, हे लक्षात घ्यावे. दुबईमार्गे एकूण सुमारे 12,950, तर लंडनमार्गे सुमारे 12,750 किलोमीटर होतात. 28 तास होतात ते विमानतळावर बसून राहण्यामुळे. माझ्या सासूबाई अशाच एका थांब्यावर व्हीलचेअरमध्ये दोन तास एकट्या बसून होत्या, गेट बदलल्याचे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि तो दिवस आम्ही घरचे विसरू शकलेलो नाही. त्यामुळे माझे स्पष्ट मत थेट विमानाच्या बाजूने आहे. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी, जागा मधल्या वाटेलगतची घ्यावी, औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत, आणि इतका वेळ बसून पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असल्याने डॉक्टरांना आधी विचारावे. थांबा घ्यावाच लागला तर अबू धाबीचा विचार करावा, कारण अमेरिकेचे इमिग्रेशन तिथेच उरकते.

मूळ प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. एक शंका आहे : एका तिकिटावर रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी आठला पोहोचण्याची वेळ आहे. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद 1
होय. दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या आहेत. मे महिन्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे हा प्रवास साडेसहा नव्हे, 16 तासांचा आहे. हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा होतो. आईंच्या गोळ्यांच्या वेळा मुंबईच्या घड्याळाप्रमाणे कागदावर मराठीत लिहून द्या आणि त्यांच्या हातातले घड्याळ उतरेपर्यंत बदलू नका.