मदत हवी आहे: कॅनडाच्या डेम्पस्टर हायवेवर एकटीने जलरंग

कुंचलेवाली: सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडीने डॉसन सिटी ते इनुविक जायचंय. वाटेतल्या टूमस्टोन पार्कच्या टुंड्रात (झाडं नसलेल्या थंड माळावर) जागेवर बसून रंगवणार. पहाटे शून्याखाली वॉश (पातळ रंगाचा ओला थर) गोठला तर काय करायचं? चित्रं वाळवू कशी? सोबत पॅन सेट (सुक्या रंगवड्यांची डबी) आणि ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड सुती कागदांचा, कडेने चिकटवलेला ब्लॉक आहे.

रानरंग: पाण्यात व्होडका घाला. ३ भाग पाण्याला १ भाग, ४० टक्क्यांची. साधारण उणे ४ पर्यंत निभावतं. निम्मं-निम्मं केलं तर उणे ९. पण जितकी जास्त, तितका रंग कागदात झटकन मुरतो आणि मग ओल्या ब्रशने पुसून उचलता येत नाही, म्हणून थंडी बघूनच वाढवा. ब्रश धुवायच्या पाण्यातही घाला, नाहीतर ब्रशचे केस गोठून काडी होते. गारठलेल्या पॅनमधून रंग सुटत नाही. डबी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, किंवा सरळ ट्यूब न्या.

वाळवणं जास्त अवघड. गोठलेला वॉश उबदार गाडीत आणला की वितळून वाहतो, तेव्हा ब्लॉक आडवाच आणा आणि शेजारच्या सीटवर सपाट ठेवा. ब्लॉकचा वरचा कागद वाळेपर्यंत खालचा सोडवता येत नाही, त्यामुळे एका मोठ्याऐवजी दोन छोटे घ्या. हे दुकानात कोणी सांगत नाही.

खडीवरून: धूळ दाबायला या रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात. ते हवेतली ओल ओढतं, चित्रावर बसलं की चिकट डाग. वाळलेली चित्रं झिपच्या पिशवीत, काचा बंद.

रंगांइतकंच टायरांकडे बघा. रस्ता खडीचा आहे आणि खडीतला शेल (थराथरांचा दगड) धारदार असतो. पूर्ण मापाची दोन स्पेअर चाकं हवीत. डॉसनला टाकी भरा, पुढचं भरवशाचं पेट्रोल ४०० किमीवर ईगल प्लेन्सला. मधे मोबाइलला रेंज नाही, एकटीने जाताना सॅटेलाइट मेसेंजर हवाच. पील आणि मॅकेन्झी नद्यांवर फेरी (गाड्या पलीकडे नेणारी बोट) आहे, निघण्याआधी ती चालू असल्याची खात्री करा. रंगवायला विलोच्या झुडपांपासून लांब, मोकळ्यावर बसा. अस्वल आधी दिसायला हवं, तेव्हा हेडफोन नको.

कुंचलेवाली: आभार! गोठलेल्या वॉशमध्ये उमटणारी बर्फाची नक्षी मुद्दाम हवी असेल तर?

रानरंग: मग व्होडका नको. साधा ओला वॉश सावलीत गोठू द्या आणि बाहेरच, शून्याखालीच सुकू द्या. तासन् तास लागतात. ऊन आलं की नक्षी पुसट होते, म्हणून हा उद्योग रात्री.