अनुभव धागा : आपण घेतो ते, आणि त्याला आपण काय म्हणतो ते

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांची पंचाहत्तरी साजरी झाली. त्यांच्या मुलाने जेवणाच्या टेबलावर वाइनच्या दोन बाटल्या ठेवल्या, तेव्हा कोणीही नाक मुरडले नाही. उलट ‘आपल्याच नाशिकची आहे’ असे म्हणत एकादशी न चुकवणाऱ्या दोन आजींनीही घोटभर चाखून पाहिली. त्याच आठवड्यात आमचा वॉचमन ड्यूटी संपवून घरी निघाला असताना त्याच्या खिशात क्वार्टर असल्याचे कोणाला तरी दिसले आणि त्याला बदलण्याचा विषय सभेपुढे आला. दोन्ही प्रसंगी मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यातूनच हा धागा सुचला.

विनंती अशी आहे की आपण घेता की नाही, एवढेच सांगून थांबू नये. दारू, वाइन, भांग, गांजा किंवा गोळ्या यांविषयीचे आपले मत कुठून आले, घरातून, वारीतून, हॉस्टेलातून की दवाखान्यातून, आणि ते मध्येच कधी बदलले का, हे सविस्तर लिहावे. स्वतःचे किंवा दुसऱ्याचे नाव लिहू नये, गाव पुरे.

सुरुवात माझ्यापासून करतो. माझे वय ५६, नोकरी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत. आजोबा निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरला पायी जात. गळ्यात माळ असलेल्या माणसाने मद्यमांसाला शिवायचे नाही, हा नियम आम्हाला कोणी शिकवला नाही, तो घरात वावरत होता. मी पहिली बीअर सत्ताविसाव्या वर्षी, गटारीला, कारखान्यातल्या मित्रांबरोबर घेतली आणि मूठभर बडीशेप चघळत घरी आलो. लपवण्याची सवय मला आधी लागली, पिण्याची नंतर. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि मद्य पिणाऱ्याने परवाना बाळगावा असे तो सांगतो. इतक्या वर्षांत मी तो काढला नाही आणि मला तो कोणी मागितलाही नाही. आज महिन्यातून दोनदा घेतो, त्याचे वाईट वाटत नाही, पण आजोबांची तसबीर असलेल्या खोलीत मात्र ग्लास नेत नाही.

दिंडोरी तालुका, द्राक्षबागायतदार, वय ६१

मी माळकरी आहे आणि माझ्या तीन एकरांत वाइनची द्राक्षे आहेत. या एका वाक्यावर माझ्या सोयऱ्यांनी वीस वर्षे विनोद केले आहेत, तेव्हा ते आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे पूर्वी फक्त थॉम्पसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षे होती. गंगापूर धरणाच्या बाजूला १९९९ साली सुला ही वाइन बनवणारी वायनरी सुरू झाली, २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, आणि मग कंपन्यांची माणसे करार घेऊन बांधावर येऊ लागली. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी एवढेच विचारले की ही द्राक्षे देवापुढे ठेवता येतील का. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. ते देवालाही नको आणि बाजारालाही नको, त्याला एकच गिऱ्हाईक. ही गोष्ट वडिलांना लगेच कळली, मला २००९ च्या सुमारास कळली. मंदी आली, ज्या वायनरीशी माझा करार होता तिने माल उचलायला नकार दिला, आणि ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, २३ ला पोहोचलेली, तोडणीला अगदी तयार असलेली द्राक्षे वेलीवर सुकली. शेजाऱ्यांनी बागाच उपटल्या. मी एक तुकडा ठेवला, तो दुसऱ्या कंपनीने पुढे घेतला.

म्हणून २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा माझी मोठी पंचाईत झाली. कीर्तनाला बसलो की बुवा म्हणत, घराघरात दारू शिरणार; बाहेर आलो की बागायतदार म्हणत, वाइन म्हणजे दारू नव्हे, ते शेतकऱ्याचे फळ आहे. वाइन म्हणजे दारूच आहे, हे मी पिकवणारा माणूस सांगतो. द्राक्षातली साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल होते. माझ्या २३ ब्रिक्सच्या द्राक्षातून साधारण १३ टक्क्यांची वाइन निघते. पण मग ज्वारी विकणाऱ्यालाही, तुझ्या दाण्याचे पुढे काय झाले, असे विचारायचे का? याचे उत्तर मला आलेले नाही.

मजुरांविषयी मात्र माझे मत पक्के आहे, आणि ते कदाचित अन्यायाचे असेल. पेठ-सुरगाण्याहून छाटणीला टोळ्या येतात. शनिवारी पगार दिला की सोमवारी चार माणसे कमी येतात. मी पगार बायकांच्या हातात द्यायला सुरुवात केली, तर दोन टोळ्या मला सोडून गेल्या.

सुरगाणा, सध्या नाशिक, शिक्षक, वय ४३

वरच्या काकांच्या बागेत कदाचित माझे चुलतेही छाटणीला आले असतील, म्हणून लिहितो.

आमच्या पाड्यावर चैत्रात मोहाची फुले पहाटे वेचायला सगळे घर जाते. ती वाळवून ठेवायची, भिजवायची, आंबवायची आणि मग मडक्यातून धार काढायची. लग्न ठरले, पेरणी झाली, कोणी गेले, तर आधी थोडी जमिनीवर ओतायची आणि मग माणसांनी घ्यायची. माझी आजी घेत असे, आणि घेऊन कधी कोणाला वेडेवाकडे बोलल्याचे मला आठवत नाही. आश्रमशाळेत गेलो तेव्हा पहिल्यांदा कळले की आम्ही ‘दारूडे लोक’ आहोत. मी ते इतके मनावर घेतले की पंचविसाव्या वर्षापर्यंत आजीच्या हातचे जेवताना तिच्या शेजारी बसत नव्हतो.

आता जे पाड्यावर मिळते ते निराळे आहे. गुळात नवसागर टाकून रातोरात काढलेली दारू बाहेरून येते, तिला ना ऋतू ना निमित्त. माझा धाकटा भाऊ तीच पीत होता, तो चौतीसाव्या वर्षी वारला. त्यामुळे ‘आमची परंपरा’ असे म्हणत मोहाचे गोडवे गाणाऱ्या शहरी मित्रांचाही मला राग येतो आणि आमच्या लोकांना जन्मजात व्यसनी समजणाऱ्यांचाही. काका, मजुरी बायकांच्या हातात देण्याची तुमची कल्पना चांगली होती. पण ती देण्यापूर्वी बायकांना विचारले होते का? नवऱ्यासमोर ते पैसे हातात घेतल्यावर रात्री काय होते, हे त्यांनी सांगितले असते.

मी स्वतः घेत नाही. गेल्या वर्षी बहिणीच्या मुलाच्या लग्नात मात्र जमिनीवर धार ओतली.

नाशिक रोड, परिचारिका, वय ४८

माझे मत दवाखान्यात तयार झाले. मला दारूची चीड नाही, ‘थोडीशी’ या शब्दाची आहे.

शस्त्रक्रियेआधी आम्ही विचारतो, दारू घेता का? रुग्ण बायकोकडे बघतो, बायको जमिनीकडे बघते, आणि उत्तर येते, ‘थोडीशी, कधीतरी.’ मांडीचे हाड मोडलेला एक पन्नाशीचा गृहस्थ असाच ‘कधीतरी’ घेणारा म्हणून दाखल झाला. तिसऱ्या रात्री तो चादर चिमटीत धरून काहीतरी वेचू लागला. भिंतीवर मुंग्या चढताहेत, म्हणाला, आणि मग सलाइनची सुई उपटून मोडक्या पायावर उभा राहायला निघाला. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांनी हे होऊ शकते, आणि वेळेत औषध मिळाले नाही तर जीवही जातो. आधी खरे सांगितले असते तर पहिल्याच दिवशी औषधे सुरू केली असती. त्याची बायको मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, ‘सिस्टर, सगळ्यांसमोर कसे सांगायचे, सासरे बसले होते.’

तेव्हापासून मी ‘घेता का’ असे विचारत नाही. ‘रोज किती, क्वार्टर की हाफ?’ असेच विचारते, तेही नातेवाइकांना बाहेर पाठवून. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, तीव्रता ४२.८ टक्के; हिशेब केला तर त्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. वाइनच्या ७५० मिलिलिटरच्या अख्ख्या बाटलीत सुमारे ७४ ग्रॅम असते. सोसायटीतले दादा, तुमच्या पंचाहत्तरीच्या टेबलावर वॉचमनच्या खिशापेक्षा दुपटीहून जास्त अल्कोहोल होते. फक्त ते वाटून घेतले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली तर कोणतेच प्रमाण निर्धोक नाही असे सांगितले आहे. हे मी रुग्णांना सांगते, आणि भाचीच्या साखरपुड्यात अर्धा ग्लास मीही घेतला होता, हे इथे सांगते.

कॉलेज रोड, नोकरदार, वय २४

आमच्या पिढीच्या गप्पांत दारू मागे पडली आहे, हे ज्येष्ठांना बहुधा माहीत नसावे. माझे वडील मला एकविसावे लागल्यावर बीअर देऊन ‘बाहेर पिण्यापेक्षा घरी पी’ म्हणाले. त्याच वडिलांना माझ्या बॅगेत गांजाचा कागद सापडला तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. मला तो ढोंगीपणा वाटला. २०१५ च्या सिंहस्थात मी सातवीत होतो. साधुग्राममध्ये चिलीम ओढणाऱ्या एका साधूच्या पायावर आजीने माझे डोके टेकवले होते, आणि महाशिवरात्रीला भांगेची थंडाई तर आमच्या घरी प्रसाद म्हणून येते. कायद्यातही तशी फट आहेच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्यापुरती ठेवली, नुसती पाने तीत धरली नाहीत, म्हणून भांग सुटली. हा मुद्दा मी वडिलांशी वाद घालताना शंभरदा वापरला आहे.

मग आमच्या गटात एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा रासायनिक नशेचा पदार्थ, आले. ते कोणी आणले हे लिहिणार नाही. मी दोनदा घेतले. पहिल्या वेळी रात्रभर गंगापूर रोडने चालत बोलत राहिलो आणि आपण किती हुशार आहोत असे वाटले. दुसऱ्या वेळी छाती इतकी धडधडली की जिन्यात बसून मी आईला फोन लावला आणि उचलल्यावर कापला. माझा मित्र थांबला नाही. सहा महिन्यांत त्याची मोटरसायकल गेली, मग आईच्या बांगड्या. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी शिंदे गावाजवळच्या एमडीच्या कारखान्यावर छापा घातल्याची बातमी आली, तेव्हा आम्ही दोघे एकाच चहाच्या टपरीवर उभे होतो. आपण ज्याला मुंबईची चैन समजत होतो ते नाशिक रोडच्या पलीकडे बनत होते. तो हसला. आज तो पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात आहे, दुसऱ्यांदा.

गांजा मी सोडला नव्हता, आपोआप सुटला. तो निरुपद्रवी आहे, हे मी आता कोणाला पटवत नाही. तो आणि एमडी एकच आहेत असे कोणी म्हटले, तर मात्र अजूनही वाद घालतो, कारण शाळेत आम्हाला दोन्ही एकाच तक्त्यावर कवटीखाली दाखवले होते आणि पहिले खोटे निघाल्यावर दुसऱ्याची भीती उरली नव्हती.

मालेगाव, औषधविक्रेता

थोडक्यात लिहितो. आमच्याकडे ‘कुत्ता गोळी’ म्हणून जी मागतात ती अल्प्राझोलम, झोपेची आणि चिंतेची साधी गोळी आहे. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि दिल्यावर वेगळ्या रजिस्टरात नोंद करून ते तीन वर्षे जपावे लागते. मागायला येणारी मुले दारूला हात लावणार नाहीत, कारण दारू निषिद्ध. गोळी मात्र ‘औषध’ असते. माझ्या काउंटरवर एकाने मला शपथेवर सांगितले होते की तो कसलीही नशा करत नाही.

सातपूर, बँक कर्मचारी, वय ३७

माझ्या आईने दारूच्या दुकानाविरुद्ध वस्तीत सह्या गोळा केल्या होत्या. तेव्हा मतदानात दोन चिन्हे असत, उभी बाटली आणि आडवी बाटली. झालेल्या मतांपैकी नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद होत असे. म्हणजे जी बाई त्या दिवशी धुण्याभांड्याच्या कामावरून सुटू शकली नाही, तिचे मत आपसूक दुकानाच्या पारड्यात. आई हरली. त्या संध्याकाळी वडील त्याच दुकानातून घेऊन आले, आणि मी दहावीचे पुस्तक उघडून भिंतीकडे तोंड करून बसले होते.

मी आता सहकाऱ्यांबरोबर वायनरीत जाते. मावळतीला धरणाच्या पाण्याकडे बघत एक ग्लास घेते, मला तो आवडतो, आणि दुसरा कधी मागवत नाही. सहकारी पुरुषांनी घेतले तर ते ‘रिलॅक्स’ होतात, मी घेतले तर ‘फॉरवर्ड’ ठरते. त्याची आता सवय झाली आहे. अडचण वेगळी आहे. गेल्या दिवाळीत बँकेकडून भेट म्हणून एक बाटली आली, ती मी कपाटात साड्यांच्या मागे ठेवली. वडील ठेवत असत त्याच जागी, हे ठेवून झाल्यावर लक्षात आले. बाटली अजून तिथेच आहे. आई दर आठवड्याला माझ्या साड्यांच्या घड्या नीट करते आणि त्याविषयी अजून काही बोललेली नाही.