चवथ, नेवऱ्यांचा डबा आणि वजनकाटा: पाच दिवस डाएट पाळायचं की नाही?

माटोळीखालची

मार्चपासून सहा किलो उतरवलेत. ८१ वरून ७५. जिम नाही, पावडरी नाहीत. रात्रीचा भात सोडला, दुपारी एकच वाटी, आणि सकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर पाऊण तास चालणं. आता चवथ, म्हणजे गोव्यातली गणेश चतुर्थी, तोंडावर आली, तर ऑफिसातली मैत्रीण सांगते, पाच दिवस स्वतःचा डबा घेऊन जा, उकडलेले मूग आणि काकडी. आमचं मूळ घर माशेलला, गणपती पाच दिवसांचा, पंगतीला पंचवीस माणसं. तिथे काकूच्या डोळ्यांदेखत मी स्टीलचा डबा उघडायचा? काकू काही बोलणार नाही. पण पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात ती गोष्ट निघेल.

माझं ठरलंय. पाच दिवस मोजमाप बंद. मिश्र भाज्यांचं खतखतं, मुगागाठी, हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या, चणाडाळीच्या खिरीसारखं मणगणं, जे पानात पडेल ते खायचं. पोट भरलं की उठायचं. मात्र निघताना नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा पणजीला आणायचा नाही. गेल्या वर्षी आणला होता. चहाबरोबर रोज दोन, कधी तीन. गणपती पोचवून आलो तरी माझी चवथ पुढे तीन आठवडे चालू होती. माझं वजन पंगतीत वाढत नाही, त्या डब्यानं वाढतं असं माझं मत आहे. कुणाला पटत नसेल तर सांगा, पण कृपा करून उकडलेले मूग सांगू नका.

डिचोलीकर

ताई, पटत नाही. मी ५४ वर्षांचा, आठ वर्षं मधुमेह. 'पाच दिवस मोकळीक' हे शब्द मीही वापरायचो. तीन वर्षांपूर्वी चवथीत असंच मोकळं सोडलं, वर धावपळीत दोनदा गोळी चुकली. सातव्या दिवशी सकाळी उपाशीपोटी साखर २९०. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लंत? मी म्हटलं, प्रसाद. ते हसले नाहीत.

२०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या मधुमेह पाहणीचे, 'इंडियाब'चे, आकडे आले. देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४, सगळ्या राज्यांत वरचं. तुमच्या पंचवीस जणांच्या पंगतीत किती येतात ते तुम्हीच मोजा.

दुसरं. २००० साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, १९५ माणसांचा, तिकडच्या सणांच्या दिवसांत वजन किती वाढतं याचा. सरासरी वाढ निघाली ०.३७ किलो. ऐकून हसू येतं, पाव किलोपेक्षा थोडं जास्त. पण वर्षभरानं परत पाहिलं तर ते उतरलेलं नव्हतं. म्हणजे दर सणाला थोडं चढतं आणि तिथेच मुक्काम करतं. आणि आपल्याकडे सण एकच आहे का? चवथ झाली की दसरा, मग दिवाळीचे पाच तऱ्हेचे फोव (पोहे), तुळशीचं लग्न, गावची जत्रा, नाताळला शेजाऱ्यांकडून दोदोल आणि बिबिंक. सहावा दिवस उजाडतो कधी?

सरळ हिशेब

दोघांच्याही बोलण्यात एकेक भोक आहे.

आधी नेवरी. मी स्वयंपाकघरातला काटा काढून घरची नेवरी मोजली, ४० ग्रॅम भरली. पारीचा मैदा साधारण १५ ग्रॅम, त्याचे ५० कॅलरी. खोबरं-साखरेचं सारण १८ ग्रॅम, ७० धरा. शोषलेलं तेल ६-७ ग्रॅम, ग्रॅमला ९ प्रमाणे ६०. म्हणजे एक नेवरी १८०. उकड्या तांदळाचा वाटीभर भात याच्या आसपासच जातो, आणि भात निदान पोट तरी भरतो.

आता पातोळी. सगळ्यांना वाटतं वाफवलेली म्हणजे हलकी. तेल नाही हे खरं. पण तांदळाची पिठी तीच, आत चून (खोबऱ्याचं सारण) तेच, आणि गूळ म्हणजे कॅलरीच्या हिशेबानं साखरच. हाताएवढी पातोळी १४०-१५० ला जाते. हळदीच्या पानाचा वास येतो म्हणून चार खाल्ल्या तर सहाशे झाले. वासाचे कॅलरी नसतात, एवढाच दिलासा.

डिचोलीकर बाब, तुमच्या अभ्यासातलं ०.३७ हे महिना-दीड महिन्याचं होतं, पाच दिवसांचं नव्हे. एक किलो चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी जादा लागतात. गेल्या चवथीनंतर माझा काटा १.८ किलो वर होता. ते सगळं चरबी असतं तर रोजच्या जेवणावर मी आणखी ७७ नेवऱ्या खाल्ल्या असत्या. मी तळहात जोडून सांगतो, इतक्या नव्हत्या. भात-गोड वाढलं की शरीर ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवतं आणि त्याच्या एका ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वर पापड-लोणच्याचं मीठ. दहा दिवसांत माझे १.३ किलो आपोआप गेले. उरलेलं अर्धा किलो मात्र गेलं नाही, ते माझं स्वतःचं.

वजेंवाली

वजनाचं आकड्यांत बोलताय ते ठीक, पण 'पोट भरलं की उठायचं' हे माहेरी जमतं हो. सासरी?

माझी लग्नानंतरची पहिली चवथ. माहेरहून वजें आलं. बाहेरच्यांसाठी सांगते, मुलीच्या पहिल्या चवथीला तिच्या सासरी फळं, लाडू, नेवऱ्या, असं टोपल्या भरभरून पाठवतात. ते सगळ्या वाड्यावर वाटलं जातं, आणि वाड्यावरून दर्शनाला येणारा प्रत्येक जण माझ्यासमोर बसून म्हणतो, "बायच्या कुळारचो लाडू, तिकाय दी मगे" (बाईच्या माहेरचा लाडू, तिलाही दे ना). म्हणजे लोक खाणार माझ्या आईचे लाडू, आणि ते चांगले झालेत हे सिद्ध करायला प्रत्येकाबरोबर अर्धा मी खायचा. थायरॉइडची गोळी चालू होती, डॉक्टरीणबाईंनी वजन कमी करायला सांगितलं होतं. कुणाला सांगू? नव्या सुनेनं पहिल्याच चवथीला आजार सांगितला तर त्याचा वेगळाच अर्थ निघतो.

तेव्हा डिचोलीकर बाब, तुम्हाला 'नको' म्हणता येतं, कारण तुम्ही पुरुष, वयानं मोठे, आणि मधुमेह सगळ्यांना ठाऊक. बाकीच्यांचं 'नको' म्हणजे 'आणखी एक वाढा'.

तळणारी

दुरून वाचत होते, आता राहवत नाही.

माटोळीखालची, तू पाच दिवस मोकळं खाणार, छान. त्या नेवऱ्या कुणी तळल्या? आमच्याकडे दोनशे व्हायच्या. चवथीच्या आदल्या दोन रात्री मी आणि जाऊ. एक लाटते, एक भरते. कातण्यानं कडा कापायच्या, ओल्या फडक्याखाली ठेवायच्या, मग कढई. पहिली फुटली की तेल खराब, म्हणून पहिली नेहमी मी खाते. सारण गोड झालं का, चमचाभर. खतखत्याला देवाच्या आधी तोंड लावायचं नाही, पण नैवेद्य दाखवला की बायका पुरुषांना वाढून शेवटी बसतात, साडेतीनला. तोवर पोटात चहा आणि फुटलेल्या नेवऱ्या. मग भूक अशी लागलेली असते की भाताची मूद मोजायची शुद्ध राहत नाही. आणि संध्याकाळी उरलेलं मणगणं टाकवत नाही. नारळाचं दूध आहे, रात्रीत आंबतं. कोण संपवतं?

पाच दिवसांत माझं वजन दर वर्षी वाढतं आणि पानात मी सगळ्यांत कमी घेतलेलं असतं. पंगत की डबा हा तुमचा वाद आहे. माझं सगळं कढईपाशी होतं.

घुमटवाला

आमच्या पथकाची आरती दोन तास चालते, नऊ घरं. घुमट (मातीचं तालवाद्य) बडवून किती कॅलरी जातात ते सरळ हिशेब बाबांनी काढावं. प्रत्येक घरातल्या प्लेटीचं नंतर बघू.

सरळ हिशेब

काढलं तर तुम्ही आरती सोडाल.

नुस्तें बंद

कुणी श्रावणाचं बोललं नाही याचं नवल वाटलं. आमच्यासारख्या घरांत वजनाचा घोळ चवथीच्या महिनाभर आधी सुरू होतो. एरवी दुपारी शीत (भात), हुमण (माशाची आमटी), तळलेला बांगडा. भात कमी केला तरी बांगड्यानं पोट धरतं. श्रावण लागला की घर शिवराक (शाकाहारी). लोकांना वाटतं आता हलकं खाणं. प्रत्यक्षात ताटातलं प्रोटीन गेलं आणि त्या जागी बटाट्याची भाजी, जादा भात, उपासाला साबुदाणा. चवथ येते तेव्हा माणूस महिनाभर अर्धवट भुकेला असतो, आणि समोर नेवऱ्यांचं ताट. मी दोन वर्षं श्रावणात मूग, चवळी, अळसांदे, दही वाढवलं. चवथीला आपोआप हात आखडला. उकडलेले मूग सांगू नका म्हणालात म्हणून सांगतो, मुगागाठी मोड आलेल्या मुगाच्याच असतात. दोन वाट्या घ्या, काकू खूश होईल.

डिचोलीकर

तळणारी ताई, तुमचं वाचून गप्प झालो. आमच्या घरीही असंच असणार, मी कधी आत जाऊन पाहिलं नाही.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. सरळ हिशेब बाब, तुमचं 'उरलेलं अर्धा किलो' तेच तर मी म्हणतोय! दहा वर्षांत पाच किलो होतात. आणि आपल्या लोकांना चरबी पोटावर बसते, म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की जादा वजन धरतात, बाहेरच्यांसारखं २५ नाही. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, बायकांची ८०, त्यापुढे धोका. चवथीत नवं धोतर नेसताना गाठ कुठे येते ते सगळ्यांनी बघा.

मी काय करतो ते सांगतो. खतखतं आणि भाज्या आधी, भात शेवटी, गोड एकच. पातोळी किंवा नेवरी, दोन्ही नाही. जेवून आडवं व्हायचं नाही, तळीपर्यंत जाऊन यायचं, पंधरा मिनिटं. जेवणानंतर चाललं की साखर कमी चढते, हे मी माझ्या यंत्रावर तपासलंय.

माटोळीखालची

बाब, तुमच्यासाठी हे बरोबर. गोळी चुकवून मोकळीक घ्या असं मी मधुमेह असलेल्याला कधीच म्हणणार नाही. पण मला एकच गोड मोजून दिलं तर माझं काय होतं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी मी चवथीत शिस्त पाळली होती. पाच दिवस एकही नेवरी नाही, सगळ्यांनी कौतुक केलं. सहाव्या दिवशी पणजीच्या घरी, दार लावून, उभ्यानं, एका बैठकीत नऊ. उभ्यानं बैठक कशी असं विचारू नका. त्यानंतर डाएटच सुटलं, ते दिवाळीपर्यंत. म्हणून पंगतीत सगळ्यांबरोबर बसून तीन खाल्लेल्या मला परवडतात.

सण संपतच नाहीत हे मात्र तुमचं खरं. दसऱ्याला आणि जत्रेला हीच सूट देणार नाही. जत्रेतलं खाजं मी निव्वळ सवयीनं घेते, आवडीनं नाही.

तळणारी, तुझ्यावर काही बोलायला तोंड नाही. आमच्या घरी काकू आणि दोन वहिन्या असतात. मी दर वर्षी चवथीच्या सकाळी पोचते, आयत्या पिठावर.

तळणारी

मग या वर्षी दोन दिवस आधी पोच. लाटायला ये. कढईसमोर तीन तास बसलीस की नेवरीवरची वासना तशीही मरते, हा माझा डाएट प्लॅन. आणि काकूला विचार, दोनशे कशाला? आम्ही जावांनी गेल्या वर्षी सासूबाईंना सव्वाशेवर आणलं. एक दिवस अबोला होता. वाड्यावर वाटून झाल्यावर डबा अर्धा भरला, आणि आठवड्यात संपला. कुणाला कमी पडलं असं ऐकलं नाही. सासूबाईंना सोडून.

वजेंवाली

सव्वाशे! आमच्याकडे हा आकडा काढायची हिंमत कुणात नाही.

माटोळीखालची

काकूला आत्ताच फोन केला. दोन दिवस आधी येते म्हटल्यावर आधी गप्प, मग म्हणाली, "बरें ना गो तुका?" (बरी आहेस ना गं?) नेवऱ्यांचा आकडा फोनवर काढला नाही. तो कढई तापल्यावर काढेन. डबा नको हे सांगितलं, तर म्हणाली, नेवऱ्या नको तर निदान चिवडा ने.

सरळ हिशेब

चिवडा कशात तळलेला आहे ते विचारलंत का?