गाडी लांब, फलाट आखूड: मागची दारं बंद कशी ठेवतात?

खानापूरचा_पाहुणा
मिरज–लोंढा मार्गावर साधी गाडी फलाटाबाहेर राहिली तर मागची माणसं खडीत उतरतात. दार हातानं उघडायचं, त्यामुळे जमतं कसंतरी. पण वंदे भारतसारखी आपोआप दारांची १६ डब्यांची गाडी ३०० मीटरच्या फलाटाला लावली तर? पुणे–हुबळी ८ डब्यांची आहे, तिचा प्रश्न नाही.

रूळ_आणि_खडी
आधी हिशेब करा. डबा साधारण २४ मीटर, म्हणजे गाडी ३८४. गाडी नेमकी खुणेवर थांबत नाही, म्हणून दोन्ही टोकांना ५-५ मीटर सोडा. उरले २९०, त्यात १२ डबे. तेराव्याचं पुढचं दार अगदी काठावर येतं, तेव्हा तो अख्खा डबाच बंद ठेवायचा. टोकाचा उतार फलाटात धरू नका.

लोको पायलट दारांची डावी किंवा उजवी बाजू निवडतो. डबे निवडणं ही निराळी गोष्ट, त्यासाठी गाडीला आपण कुठल्या फलाटावर आहोत ते कळावं लागतं. इंग्लंडात काही गाड्या जीपीएस वापरतात, काही ठिकाणी रुळांमध्ये बालीज, म्हणजे जागा सांगणारी छोटी पेटी, बसवतात. बालीजला बॅटरी नसते. गाडीखालच्या अँटेनाच्या ऊर्जेवर तो आपला क्रमांक सांगतो. गाडीतल्या संगणकात त्या क्रमांकापुढे फलाटाची लांबी आणि बाजू नोंदलेली असते, तेवढ्याच दारांना परवानगी मिळते. लंडनच्या बेकर स्ट्रीटला काही फलाट आखूड, तिथं टोकाची दारं बंदच राहतात.

खानापूरचा_पाहुणा
मग जीपीएसच स्वस्त पडेल की! आणि काही मार्गांवर कवचचे (टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचे) टॅग रुळांत असतात, ते चालतील का?

दार_आणि_दोरी
छपराखाली जीपीएस भरकटतं, शिवाय शेजारच्या दोन रुळांतला फरक त्याला नीट कळत नाही. म्हणजे बाजूच चुकायची. कवचचे आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचले जाणारे) टॅग गाडीला जागा सांगतात खरं, पण कवचचं काम ब्रेकचं, दारांचं नव्हे.

बालीज वाचला गेला नाही तर सगळी दारं उघडू देणं ही सर्वांत वाईट रचना. अशा वेळी परवानगी रोखायची आणि चालकानं डब्यांचा आकडा हातानं द्यायचा. इथंच घोळ होतो: आठ-आठ डब्यांचे दोन संच जोडलेल्या गाडीत पुढं कुठला संच आहे, हे संगणकाला ठाऊक नसलं तर भलतेच डबे उघडतात. आणि दोन संचांच्या मध्ये चालकाच्या डब्यांची नाकं येतात, आतून वाट नाही! मागच्या संचातल्यांना पुढं चालत जा म्हणून सांगून उपयोग नाही. आधीच्या थांब्यावरच डबा बदलायला लावावं लागतं.

रूळ_आणि_खडी
एक राहिलं. दारं बंद असल्याचा संकेत मिळाल्याशिवाय गाडीला ओढ मिळत नाही. एखादं दार अडकलं तर ते किल्लीनं आयसोलेट करायचं, म्हणजे यंत्रणेपासून तोडायचं, हातानं ओढून पक्कं बसलंय का बघायचं, बाहेरून-आतून चिठ्ठी लावायची. आयसोलेट केलेलं दार त्या संकेताच्या तपासणीतून बाहेर पडतं, त्यामुळे ते अर्धवट उघडं असलं तरी गाडी सुटू शकते. म्हणून ओढून बघणं विसरू नका.