युबंटूवर टर्मिनलशिवाय सॉफ्टवेअर टाकायला काय वापरू? मदत हवी आहे, लवकर

खाडीपलीकडे
कळव्याच्या आमच्या वाचनालयात जुने पीसी आलेत, सगळ्यांवर लिनक्स (युबंटू) टाकून झालंय. आता सॉफ्टवेअर टाकायला माउसने चालणारं धड काहीतरी हवंय. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, नको, मशीनवर ग्रंथपाल बाई आणि कॉलेजची मुलं बसणार आहेत. सोबत आलेल्या स्टोअरमध्ये हवं ते सापडतच नाही. रविवारी काम सुरू करायचंय. कुठलं टाकू एवढंच सांगा.

पामबीच
युबंटूचं व्हर्जन कुठलं? रॅम? आणि 'हवं ते' म्हणजे नेमकं काय?

नौपाडेकर
युबंटूऐवजी लिनक्स मिंट टाका, विषय संपला. त्याच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एपीटीची (सिस्टिमची स्वतःची) आणि फ्लॅटपॅकची (कुठल्याही लिनक्सवर चालणारी) पॅकेजं एकाच ठिकाणी दिसतात, आणि 2020 च्या मिंट 20 पासून स्नॅप (युबंटूवाल्यांची पॅकेज पद्धत) मुळातच बंद ठेवलंय. माझे वडील अपडेट स्वतः करतात, मला विचारतसुद्धा नाहीत.

खाडीपलीकडे
सगळी मशीन पुन्हा फॉरमॅट करायला वेळ नाही हो. 24.04 आहे. रॅमचा इथे काय संबंध?

डेबियनवाला
सिनॅप्टिक, एपीटीची पॅकेजं माउसने टाकायला. दुसरं काही बघूच नका.

वाशी_सतरा
सिनॅप्टिक आता कोण वापरतं? वेलँडवर, म्हणजे नव्या डिस्प्ले पद्धतीवर, उघडतही नाही. सरळ फ्लॅटहब, म्हणजे फ्लॅटपॅकचं दुकान, जोडा. डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कुठलीही असो, ॲप तेच आणि ताजं मिळतं.

डेबियनवाला
उघडत नव्हतं ते 2017 च्या युबंटू 17.10 मध्ये. माझ्याकडे 22.04 वर वेलँडमध्येच रोज उघडतं. ऐकीव सांगू नका, समोरचा माणूस घाईत आहे.

पामबीच
अहो खाडीपलीकडे, काय सापडत नाहीये ते अजून तुम्ही सांगितलेलंच नाही.

खाडीपलीकडे
मराठी ओसीआर! जुनी नोंदकार्डं स्कॅन करून मजकूर काढायचाय. जीइमेजरीडर मिळालं, टाकलं, पण भाषेच्या यादीत फक्त इंग्लिश. सोबत आलेल्या ॲप सेंटरमध्ये मराठी शोधलं तर काहीच येत नाही.

पामबीच
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. ॲप सेंटर काय किंवा ग्नोम सॉफ्टवेअर, केडीईचं डिस्कव्हर काय, ही सगळी 'ॲप' दाखवणारी दुकानं आहेत. ज्या पॅकेजसोबत ॲपस्ट्रीमची माहिती येते, म्हणजे नाव, आयकॉन, वर्णन, तेवढंच तिथे दिसतं. जीइमेजरीडर हा नुसता चेहरा. अक्षरं ओळखतं ते टेसरॅक्ट, आणि त्याचा मराठी डेटा हे वेगळं पॅकेज आहे. त्याला ना खिडकी ना आयकॉन, म्हणून दुकानात ते येत नाही. एक दुकान सोडून दुसरं धरलंत तरी हेच होणार. तुम्हाला एपीटीची पूर्ण यादी दाखवणारं हवंय, म्हणजे इथे डेबियनवाल्यांचं बरोबर आहे.

सुमेधा_ऐरोली
मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन हे पॅकेज टाका. लॉगआउट करून परत आलात की कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट दिसेल. आमच्या सोसायटीच्या सगळ्या नोटिसा मी त्यावरच करते.

डेबियनवाला
ताई, टायपिंगचं नंतर बघू. खाडीपलीकडे, सिनॅप्टिक उघडलं की आधी 'रीलोड' दाबा. मग शोधात टेसरॅक्ट टाका. यादीत टेसरॅक्ट-ओसीआर आणि पुढे भाषेचा कोड अशी पुष्कळ नावं येतील. शेवटी एमएआर असलेलं मराठीचं. डावीकडच्या चौकोनावर क्लिक, 'मार्क फॉर इन्स्टॉलेशन', मग वर 'अप्लाय'. अप्लायआधी काय येणार, काय जाणार याची यादी समोर येते, ती मुलांना वाचायला लावाच. 'काढले जाणार' या भागात अनोळखी नाव दिसलं तर तिथेच थांबायचं.

नौपाडेकर
आणि ॲडमिन पासवर्ड मुलांना द्यायचा नाही. सिनॅप्टिकमधून पूर्ण डेस्कटॉप उडवता येतो, मी एका ऑफिसात पाहिलंय.

वाशी_सतरा
म्हणूनच तर फ्लॅटपॅक म्हणतोय.

खाडीपलीकडे
एका मशीनवर झालं, मराठी दिसलं! दुसऱ्यावर तेच पॅकेज टाकलं, तरी यादीत इंग्लिशच. रीस्टार्टही करून पाहिलं. आता काय?

पामबीच
दुसऱ्यावर जीइमेजरीडर कुठून घेतलं होतं?

खाडीपलीकडे
ते भाच्याने टाकलंय. विचारून सांगतो. ... फ्लॅटहबवरून.

डेबियनवाला
मग बरोबर आहे. फ्लॅटपॅक स्वतःच्या सँडबॉक्समध्ये (बंदिस्त जागेत) चालतं, सिस्टिमच्या फोल्डरात एपीटीने ठेवलेला मराठी डेटा त्याला दिसत नाही. ते काढा आणि सिनॅप्टिकमधूनच जीइमेजरीडर घ्या.

वाशी_सतरा
काढायची गरज नाही. त्याच ॲपमध्ये भाषा डाउनलोड करायची सोय आहे, तिथून मराठी घ्या. फक्त नेट लागेल.

खाडीपलीकडे
नेट म्हणजे माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट. उरलेल्या मशीनवर प्रत्येक वेळी शोधत बसू का?

पामबीच
नाही. जमलेल्या मशीनवर सिनॅप्टिकच्या फाइल मेनूत पॅकेजांची यादी जपायला 'सेव्ह मार्किंग्ज ॲज' आहे. तिथे 'सेव्ह फुल स्टेट' वर टिक करा, फाइल पेनड्राइव्हवर घ्या. पुढच्या मशीनवर 'रीड मार्किंग्ज', मग अप्लाय. सगळीकडे 24.04 च आहे ना, नीट बघून घ्या. हॉटस्पॉट दमलाच तर त्याच मेनूत 'जनरेट पॅकेज डाउनलोड स्क्रिप्ट' आहे. ती घरच्या लिनक्सवर चालवायची, उतरलेली पॅकेजेस आणून 'ॲड डाउनलोडेड पॅकेजेस' करायचं. स्क्रिप्ट चालवायला टर्मिनल लागेल, तेवढं तुम्ही करा, बाईंना नको.

सुमेधा_ऐरोली
कार्डांवर इंग्रजी नावंही असतील ना? मग भाषेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही निवडा. आणि स्कॅन 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) ठेवा, त्याखाली गेलात तर काना-मात्रा गळतात.

खाडीपलीकडे
हो, लेखकांची नावं दोन्ही लिपींत आहेत. आज संध्याकाळी मार्किंग्जची फाइल घेऊन पुढच्या मशीनवर बसतो, अडलं तर इथेच विचारीन. ताई, टायपिंगचं तुम्ही सांगितलेलंही लागणारच आहे, चुकलेले शब्द बाई हातानेच दुरुस्त करणार.

नौपाडेकर
तरी पुढच्या वेळी मिंटच टाका.